फाइल आहे हो... पण नेमकी कुठे?

*बिझनेस वाढतो तसे कागदही वाढतात. ऑफिसमध्ये जागा उरली नाही की ते कुणाकडे तरी ठेवायला द्यावे लागतात. पण कुणाकडे द्यायचे? तामलवाडीच्या एका गाळ्यात याचं उत्तर सापडलं, तेही जरा उशिराच!*

सोलापूर सोडून तुळजापूरच्या दिशेने निघालं की थोड्याच वेळात जिल्हा बदलतो आणि तामलवाडी येते. आई भवानीच्या दर्शनाला जाणाऱ्यांना हे गाव टोलनाक्यामुळे माहीत असतं. आम्ही मात्र त्या रविवारी दर्शनाला निघालो नव्हतो. टॉवेलचा कारखाना असलेल्या सोलापूरच्या एका मित्राने इथे आत गल्लीत एक गाळा भाड्याने घेतलाय. शटर वर केलं आणि आतलं दृश्य बघून मी गारच झालो. भिंतीला टेकून गोण्या, गोण्यांवर बॉक्स फाइल्स, त्यावर लाल कापडात बांधलेले गठ्ठे, आणि सगळ्यात वर एक बंद पडलेला फॅक्स!

"एकशे चाळीस नग आहेत," मित्र म्हणाला. "आणि आपल्याला त्यातली एकच फाइल पाहिजे. काय सांगू बे, लगीनघाई आहे."

प्रकरण असं होतं. जीएसटीची नोटीस आली होती. एका जुन्या वर्षाच्या खरेदीवर घेतलेलं इनपुट क्रेडिट मान्य का करावं, याचा खुलासा मागितला होता. त्या वर्षाची खरेदीची बिलं, ट्रान्सपोर्टची बिल्टी आणि बँकेचा उतारा जोडून उत्तर दिलं की विषय संपला असता. उत्तराला मुदत तीस दिवसांची. नोटीस मेलवर येऊन पडलेली दिसायला दहा दिवस गेले आणि सीएला वेळ मिळायला आणखी पाच. उरले पंधरा!

गाळा शाबूत, फाइल गायब

वाचकहो, इथे तुम्हाला वाटेल की आता वाळवीची गोष्ट येणार. नाही! गाळा कोरडा होता. वाळवी नाही, घूस नाही, छप्पर गळत नाही. कागद अगदी ठणठणीत. फक्त कोणता कागद कुठे आहे, हे कुणालाच माहीत नव्हतं.

म्हणजे एका माणसाला माहीत होतं. गाळ्याची देखभाल करणारे मामा. मित्राच्या वडिलांच्या काळापासून प्रत्येक गठ्ठा त्यांनी स्वतःच्या हाताने लावलेला. 'अमक्या वर्षाचा कागद' म्हटलं की मामा दहा मिनिटांत हजर करायचे. पण वर्षभरापूर्वी मामा काम सोडून मुलाकडे पुण्याला राहायला गेले. त्यांना फोन लावला.

"मालक, दाराच्या डाव्या अंगाला, पांढऱ्या गोण्यांच्या मागं बघा की. हिरव्या सुतळीचा गठ्ठा."

डाव्या अंगाला पांढऱ्या गोण्या नव्हत्याच. मधल्या काळात टॉवेलचा माल ठेवायला जागा हवी म्हणून कुणीतरी सगळं उजवीकडे सरकवलं होतं आणि हिरव्या सुतळ्या तर चाळीसेक गठ्ठ्यांना होत्या!

तो रविवार गेला. पुढचाही गेला. मुदत संपली, उत्तर अपुऱ्या कागदांवर द्यावं लागलं आणि ऑर्डर विरोधात गेली. फाइल सापडली ती त्यानंतर तीन आठवड्यांनी, दिवाळीसाठी गाळा झाडताना. सगळी बिलं जागच्या जागी, एकही पान कमी नाही. आता ती अपिलात लावायची. म्हणजे वकिलाची फी, आधी भरावी लागणारी रक्कम, आणि घरात वडिलांचा रोजचा एकच प्रश्न : "कागद होता ना आपल्याकडं? मग?"

या 'मग?'चं उत्तर शोधायला मित्र निघाला. रेकॉर्ड स्टोरेजची सेवा देणाऱ्या कंपन्यांना फोन लावले, काहींची गोदामं बघितली. मीही सोबत होतो. या सगळ्या फिरण्यातून एकच गोष्ट पक्की कळली. कागद ठेवणं हे कुणालाही जमतं. पैसे द्यायचे ते कागद वेळेवर परत मिळण्याचे!

पुरोहितांची वही आणि अमेरिकेतली आग

विश्वास बसत नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन बघा. तिथल्या तीर्थपुरोहितांकडे यजमान घराण्यांच्या जुन्या वह्या असतात. तुम्ही आडनाव सांगायचं, मूळ गाव सांगायचं. ते नेमकी वही काढतात, पान उघडतात आणि तुमच्या पणजोबांच्या भेटीची नोंद समोर! ना बारकोड, ना सॉफ्टवेअर. पण कुठल्या घराण्याची नोंद कुठल्या वहीत, हे लावलेलं आहे. याला म्हणतात इंडेक्स.

आता उलटं उदाहरण बघा. १२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुईस इथल्या सरकारी रेकॉर्ड सेंटरला आग लागली. माजी सैनिकांच्या सेवेच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फाइल्स जळाल्या. दुसरी प्रत नव्हती, मायक्रोफिल्म नव्हती आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंडेक्सही नव्हता. त्यामुळे नेमकं काय जळलं, याची संपूर्ण यादीसुद्धा कधी करता आली नाही. ज्या फाइल्स नुसत्या भिजल्या होत्या, त्यातल्या कितीतरी मात्र व्हॅक्युम चेंबरमध्ये वाळवून वाचवता आल्या. म्हणजे भिजलेला कागद एकवेळ परत येतो, जळलेला येत नाही. गोदाम बघताना ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण 'स्प्रिंकलरने कागद भिजतात, म्हणून आम्ही बसवलेच नाहीत' असं सांगणारे महाभाग भेटतात!

लांब कशाला जायचं? २१ जून २०१२ ला मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला आणि वरच्या मजल्यांवरच्या असंख्य फाइल्स खाक झाल्या. सगळ्या राज्याचा कारभार जिथून चालतो तिथे हे होऊ शकतं, तर आपल्या पोटमाळ्याची काय कथा?

आणि नाव मोठं असलं की निश्चिंत, असंही नाही. आयर्न माउंटन ही रेकॉर्ड स्टोरेजमधली जगातली बडी कंपनी. ५ फेब्रुवारी २०१४ ला अर्जेंटिनात ब्यूनस आयर्समधल्या त्यांच्या गोदामाला लागलेल्या आगीत बचावकार्याला गेलेल्या दहा जणांचा बळी गेला. तेव्हा ब्रोशरवरचा ब्रँड बघून भाळू नका. तुमचे बॉक्स ज्या इमारतीत जाणार, ती इमारत बघा.

आधी फेकायला शिका!

प्रोव्हायडर शोधण्याआधीचं काम म्हणजे घरचा कचरा काढणं. मित्राच्या एकशे चाळीस नगांत काय काय निघालं माहितेय? जुनी कॅलेंडरं, बंद पडलेल्या एजन्सीचे कॅटलॉग, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिकांचा अख्खा गठ्ठा! हे सगळं बॉक्समध्ये भरून दिलं असतं, तर दर महिन्याला त्याचंही भाडं भरत बसला असता.

मग ठेवायचं काय आणि किती दिवस? ढोबळ हिशोब असा :

जीएसटीची हिशोबपुस्तकं आणि कागद त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवावे लागतात. उदाहरणार्थ, २०१९-२० च्या वार्षिक रिटर्नची वाढवलेली अंतिम तारीख होती ३१ मार्च २०२१. म्हणजे ते बाड ३१ मार्च २०२७ पर्यंत हलवायचं नाही. अपील किंवा चौकशी सुरू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष, किंवा ही नेहमीची मुदत, यातलं जे नंतर येईल तोपर्यंत. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार हिशोबपुस्तकं आठ आर्थिक वर्षांची लागतात. डॉक्टर मंडळींनी ॲडमिट पेशंटची केसपेपर्स उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायची, आणि पेशंटने मागितली तर ७२ तासांत द्यायची, असं २००२ चे नियम सांगतात. आता सांगा, ७२ तासांतले ४८ तास बॉक्स गोदामातून यायलाच लागणार असतील, तर ती सेवा हॉस्पिटलच्या काय कामाची?

जमिनीचे, जागेचे, भागीदारीचे मूळ कागद मात्र कायमचे. त्यांना ही मोजपट्टी लावूच नका. बाकीच्या यादीवर तुमच्या सीएची आणि वकिलाची सही घ्या, आणि प्रत्येक बॉक्सवर नष्ट करायची तारीख आत्ताच लिहून टाका. नंतर कुणी लिहीत नाही!

गोदामात पाय ठेवलात की...

बहुतेक कंपन्यांचं काम एका ठरावीक पद्धतीने चालतं. साधारण १५ बाय १२ बाय १० इंचांचा बॉक्स असतो. प्रत्येकाला बारकोड चिकटवतात आणि रॅकवरच्या जागेलाही बारकोड असतो. कुठला बॉक्स कुठे, हे कॉम्प्युटरला माहीत. छान! पण बॉक्सच्या *आत* काय आहे? तो बारकोड फक्त बॉक्स ओळखतो. आतल्या फाइल्सची यादी करून घेतली नाही, तर तुम्ही तामलवाडीचा गाळा उचलून नुसता एसी गोदामात नेऊन ठेवला, एवढंच! यादी फाइलवार हवी का, त्याचे पैसे वेगळे का, आणि ती यादी तुम्हाला एक्सेलमध्ये मिळणार का, हे पहिल्याच मीटिंगमध्ये विचारा.

मग इमारत. जागा सखल आहे का? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सीनेच्या पुराने सोलापूर जिल्ह्यात काय हाल केले, ते इथल्या माणसाला सांगायला नको. सगळ्यात खालचा रॅक जमिनीपासून किती वर आहे? छपराला पाण्याचे डाग आहेत का? अग्निशमन विभागाची एनओसी चालू वर्षाची आहे की भिंतीवर फ्रेम करून लावलेली जुनीच? त्याच छताखाली केमिकल, रंग, कापूस असला माल ठेवतात का? वाळवी-झुरळांची फवारणी शेवटची कधी झाली, त्याचं रजिस्टर दाखवा म्हणावं. एका ठिकाणी आम्ही रजिस्टर मागितलं, तर साहेब म्हणाले, "अहो, आमच्याकडे कीड येतच नाही." आम्ही चहा घेतला आणि निघालो.

स्वस्त बॉक्स, महाग सुटका

आता पैशांचं. कोटेशनमध्ये ठळक छापलेला असतो तो बॉक्समागे महिन्याचा दर. तो बघून आपण खूश! पण बिल त्याने ठरत नाही. बॉक्स आत घ्यायचे वेगळे, फाइल काढायचे वेगळे, पोचवायचे वेगळे, परत ठेवायचे वेगळे, अर्जंट असेल तर आणखी वेगळे. आणि सगळ्यात शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतो तो कायमचे बॉक्स बाहेर नेण्याचा दर.

समजा (आकडे फक्त हिशोबापुरते), १४० बॉक्स आहेत आणि महिन्याला बॉक्समागे १० रुपये. वर्षाचे झाले १६,८००. वाटलं, फारच स्वस्त! तीन वर्षांनी सेवा आवडली नाही म्हणून निघालात आणि कायमच्या सुटकेचा दर निघाला बॉक्समागे १०० रुपये, तर १४,००० रुपये फक्त स्वतःचेच कागद घरी आणायला! त्यामुळे सही करायच्या *आधी* जाण्याचा दर ठरवा. लग्नाआधी घटस्फोटाचं बोलू नये म्हणतात. इथे जरूर बोला!

तसंच नुकसानभरपाईचं. बऱ्याच करारांत कंपनीची जबाबदारी बॉक्समागे एका ठरावीक, छोट्याशा रकमेपुरती असते. तुमच्या बॉक्समध्ये लाखांचा दावा असो की कॅलेंडरं, रक्कम तीच. जास्तीचा विमा काढायचा तर कुणी काढायचा, हे लिहून घ्या.

स्कॅन केलं की झालं?

"आजकाल कागद ठेवतं कोण? स्कॅन मार आणि टाक क्लाउडवर!" हे ऐकवणारा एक तरी मित्र प्रत्येकाकडे असतो. त्याचं अर्धं बरोबर आहे. रोजच्या कामाला, नोटिशीच्या उत्तराला स्कॅन झकास. चांगले प्रोव्हायडर फोन केल्यावर बॉक्स पाठवण्याऐवजी हवं ते पान स्कॅन करून मेल करतात. गोदाम लांब असेल तर ही सोय सोन्याहून पिवळी.

पण स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. मृत्युपत्र माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कक्षेतच येत नाही, ते कागदावरच लागतं. कोर्टात सहीवरून वाद झाला तर मूळ प्रत बघायला मागतात. इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड पुरावा म्हणून द्यायचं तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे ठरावीक नमुन्यातलं सर्टिफिकेट जोडावं लागतं. कामगारांचे आधार, पेशंटचे रिपोर्ट असलं काही स्कॅन करून घेणार असाल तर आणखी एक गोष्ट. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याची, म्हणजे तुमची ठेवली आहे. काम दुसऱ्याला दिलं म्हणून ती सुटत नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तेव्हा स्कॅनिंगला बसणारी मुलं कुणाची, कामाच्या जागी मोबाईल नेऊ देतात का, हे विचारायला लाजू नका.

उस्मानाबाद की धाराशिव?

आता खास आपल्या भागासाठी एक टिप. इंडेक्स करताना गावांची आणि जिल्ह्यांची नावं दोन्ही घाला! २०२३ पर्यंतच्या कागदांवर जिल्हा उस्मानाबाद, नंतरच्या कागदांवर धाराशिव. कॉम्प्युटरला हे एकच आहेत हे कोण सांगणार? लातूरचे १९८२ च्या आधीचे कागद असतील तर त्यांवरही जिल्हा उस्मानाबादच, कारण लातूर जिल्हा वेगळा झाला तो त्या वर्षी.

आणि त्याहून मागे गेलात तर सोलापूर-तामलवाडी या एवढ्याशा अंतरात राज्यच बदलायचं. सोलापूर मुंबई इलाख्यात, तुळजापूर तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात. त्यामुळे जुने महसुली कागद इकडे उर्दूत आणि मोडीत. २०२३ मध्ये मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा एका जुन्या नोंदीची किंमत काय असते हे घराघरांत कळलं. दप्तरात नोंद असणं वेगळं. ती वाचणारा आणि काढून देणारा मिळणं वेगळं. आपल्या टॉवेलच्या बिलांचंही शेवटी तेच!

मग मित्राने काय केलं?

त्याने एक साधी परीक्षा घेतली. शेवटच्या दोन कंपन्यांना पाच-पाच बॉक्स महिनाभरासाठी ट्रायलवर दिले. आणि एका शुक्रवारी दुपारी चार वाजता, काही न सांगता, दोघांनाही फोन करून एकेक ठरावीक बिल मागितलं. पहिल्यांचं गोदाम जवळ, ऑफिस चकाचक. ते म्हणाले, "सोमवारी बघतो सर." दुसऱ्यांचं गोदाम पुण्याजवळ. त्यांनी पावणेसहाला स्कॅन मेल केला. खाली बॉक्स नंबर, फाइल नंबर आणि बिल काढणाऱ्याचं नाव.

करार कुणाशी झाला, हे सांगायला नकोच!

पण सगळंच पुण्याला गेलं नाही. जागेचे मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये, चालू दोन वर्षांच्या फाइल्स ऑफिसात, मधली वर्षं कंपनीकडे, आणि इंडेक्सची एक प्रत ऑफिसात तर एक घरी. एकशे चाळीस नगांपैकी साठ तर रद्दीतच निघाले, तेही तुकडे करून आणि तसं सर्टिफिकेट घेऊन.

तामलवाडीचा गाळा? तो आहे अजून, टॉवेलच्या मालासाठी. मागच्या महिन्यात मामा तुळजापूरला दर्शनाला आले होते, वाटेत थांबले. रिकामी डावी भिंत बघून काहीच बोलले नाहीत. मग मित्राने त्यांना नवी यादी दाखवली. सोळा पानांची, छापील. मामांनी चष्मा लावून पहिलं पान नीट वाचलं आणि म्हणाले, "मालक, हे मला आधी सांगितलं असतं तर मीच लिहून दिलं असतं की."

खरंय. कुणी विचारलंच नव्हतं.

सही करण्याआधी : झटपट चेकलिस्ट

● ब्रोशर नको, गोदाम बघा. शक्यतो पावसाळ्यात!
● इंडेक्स फाइलवार हवा आणि त्याची प्रत तुमच्याकडे हवी.
● फाइल किती तासांत मिळणार, सुट्टीच्या दिवशी काय, हे करारात लिहून घ्या.
● ट्रायलवर थोडे बॉक्स द्या आणि अडनिड्या वेळी एक कागद मागून बघा.
● कायमचे बॉक्स बाहेर काढण्याचा दर आधी ठरवा.
● भरपाईची मर्यादा आणि विमा तपासा.
● कागद मागण्याचा अधिकार तुमच्या ऑफिसमधल्या कुणाला, त्यांची नावं लेखी द्या. माणूस नोकरी सोडून गेला की नाव त्याच दिवशी बदला.
● नष्ट करण्याआधी तुमची लेखी परवानगी आणि नंतर सर्टिफिकेट, दोन्ही घ्या.
● आणि हो, तुमच्याकडेही एखादे मामा असतील, तर त्यांच्याकडून आजच यादी लिहून घ्या!